इन्स्टेपचं माप

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, आणि लगेच मुद्द्यावर येते. नाहीतर तू म्हणशील, पाल्हाळ लावते.

परवा जोडे घ्यायला गेले होते. धुलाईखान्यात दिवसभर उभं राहून वाफेच्या इस्त्रीखाली चादरी सरकवायच्या, त्यात माझे बूट दुपारनंतर चावायला लागलेत. तीन दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानातला म्हातारा विक्रेता खाली बसला, माझं पाऊल त्याने हातात घेतलं, वरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बाई, तुमचा इन्स्टेप उंच आहे. तयार जोडा तुम्हाला बसायचा नाही."

ताई, मी तिथेच रडायला लागले. हसत होते आणि रडत होते. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं आपण पाय दुखवला. त्याला काय सांगू? हा शब्द इंग्रजी आहे हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं! वीस वर्षं इथे परक्या देशात राहते, पण कुणी माझ्यासमोर तो कधी उच्चारलाच नव्हता. मला वाटायचं, तो अप्पांचा आहे. आपल्या जोड्यांच्या दुकानातला, आरी आणि रापीच्या शेजारी ठेवलेला.

घरी येईपर्यंत डोळ्यांपुढे एकच चित्र. आई दारातल्या स्टुलावर बसलीय, अप्पा खाली गुडघ्यावर, आईचं पाऊल त्यांच्या मांडीवर, हातात मापाचा दोरा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या एका वर्षात किती जोडे केले त्यांनी तिला! एक झिजायच्या आत दुसरा. नवऱ्याने बायकोचे एवढे लाड केलेले मी पुढे कुठेच पाहिले नाहीत. आमच्या ह्यांना तर माझ्या पायाचा नंबरही सांगता यायचा नाही.

ताई, मला एक जोड करून देशील? साधा, बंदाचा, दिवसभर उभं राहता येईल असा. मुकादमीण म्हणते, उभं राहणं जमत नसेल तर दुसरी बाई बघते.

तुझी,
बुटकी

१९ फेब्रुवारी

बुटके,

आशीर्वाद शेवटी. आधी शिव्या.

दोन वर्षांत पत्र नाही, आणि आलं ते जोडे हवेत म्हणून! फोन केले होते असं म्हणू नकोस. फोनवर मला काही सुचत नाही. मशीन बंद करावं लागतं, आणि गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत बसतं. आणि भर दुकानात रडलीस? तो म्हातारा आता पुढच्या बाईचा पाय धरताना दहादा विचार करील.

तो शब्द इंग्रजी आहे हे मला तरी कुठं ठाऊक होतं? मी चौथीतच शाळेला रामराम ठोकला. अप्पांना तो त्यांच्या उस्तादांकडून मिळाला, उस्तादांना कारखान्यातल्या कुठल्या साहेबाकडून. तसा सोल पण तिकडूनच आला असणार, पण सोल सगळ्यांच्या तोंडी बसला. इन्स्टेप आमच्या धंद्याच्या उंबऱ्याबाहेर पडलाच नाही. आणि आपल्याकडे बघ, टाच आहे, घोटा आहे, तळवा आहे, चवडा आहे. घोट्याच्या पुढे जो उंचवटा येतो, जिथे बंद बांधतो, त्या जागेला नावच नाही. पायाची पाठ म्हण फार तर. मला गिऱ्हाइकाच्या पायावर बोट ठेवून सांगावं लागतं, "हे. इथलं."

आणि घरात तर आपण त्या शब्दाला कुठल्या कुठे नेलं. आई रुसली की अप्पा म्हणायचे, आज इन्स्टेप चढलाय, कुणी वाटेला जाऊ नका. तू परीक्षेत पहिली आलीस तेव्हा आई म्हणाली, इन्स्टेप उतरव आणि भांडी घास. माझ्याबद्दल मावशी काय म्हणाली होती आठवतं? "हिचा इन्स्टेप फार उंच, ही कुठल्याच घरात बसायची नाही." नाहीच बसले. म्हातारीचा अंदाज बरोबर निघाला.

आता कामाचं. तुझा फर्मा भिंतीवर आहे, तुझ्या लग्नाच्या जोड्यासाठी अप्पांनी कोरलेला. तुझा लाकडी पाय दिवसभर माझ्याकडे बघत लटकतो. पण पंचवीस वर्षांत पाय बदलतो, तेव्हा माप पाठव. टेप नको, तुझे आकडे मला कळत नाहीत. जाड दोरा घे. चवड्याभोवती एक गाठ, इन्स्टेपभोवती दुसरी, टाचेभोवती तिसरी. लांबीचा दोरा वेगळा. उभं राहून घे आणि दोरा दुसऱ्याला धरायला सांग, वाकलीस की पाय बदलतो. आणि संध्याकाळी घे. सकाळचं पाऊल लबाड असतं, असतं त्यापेक्षा बारीक दाखवतं.

जेवत जा. आशीर्वाद.

ताई

८ मार्च

ताई,

दोरे पाठवतेय. लेकीने धरले. ती म्हणाली, "मावशीला सांग, जगात टेप नावाची वस्तू निघालीय." मी म्हटलं, तूच सांग. लगेच दोरा धरला तिने.

तिने तो शब्द पुस्तकात काढून दाखवला. घोटा आणि बोटं यांच्यामधला पावलाचा वरचा कमानदार भाग, असं दिलंय. काही लोक खालच्या कमानीलाही म्हणतात म्हणे. चेंडू खेळणारी पोरं जोरात लाथ मारायची तर ह्याच भागाने मारतात. मी तिला म्हटलं, आमच्याकडे त्याचा अर्थ नखरा असा होता. ती खो खो हसली. आता घरात तोच शब्द चालू झालाय. काल ह्यांनी उशिरा चहा मिळाला म्हणून तोंड फुगवलं, तर पोरगी म्हणते, "बाबांचा इन्स्टेप चढला." हे विचारतात, "माझं काय चढलं?"

किती वर्षांनी घरात असं हसलो आम्ही.

मी बरी आहे. जरा दम लागतो, पण वजन वाढलंय, त्याला कोण काय करणार? तू मात्र सांग ना, आईचे ते जोडे कुठे गेले? एक लाल होता. मला तो फार आवडायचा. मी त्यात पाय घालून बघितला होता चोरून, आणि माझा पाय त्यात होडीसारखा हलत होता.

बुटकी

२७ मार्च

बुटके,

जोडे पाठवले. काळे आहेत. तपकिरी मागशील म्हणून आधीच सांगते, तपकिरी चामडं चांगलं नव्हतं.

तुझ्या लेकीला सांग, तिने दोरा ढिला धरला होता. चवडा, टाच, लांबी सगळं फर्म्याशी जुळतं, आणि इन्स्टेप तेवढा बोटभर जास्त. असं होत नाही. वय झालं की पाय आडवा पसरतो, चवड्यातून. वर चढत नाही. मी दोनदा फर्म्याला लावून बघितला. शेवटी म्हटलं, शिकलेली पोरगी आहे, धरला असेल ढिला. तरी उगाच घट्ट नको म्हणून फर्म्यावर चामड्याचा एक तुकडा चिकटवला आणि त्यावर जोडा चढवला. सैल वाटला तर बंद ओढून घे.

आईचे जोडे गेले. एवढ्या वर्षांनी काय विचारतेस?

घालून बघितलेस की कळव. नुसतं "छान आहेत" लिहू नकोस. कुठे लागतं, कुठे नाही, ते लिही. मी जोडेवाली आहे, मला कौतुकाचं काय करायचंय.

ताई

६ मे

ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. पेटी उघडली आणि घरभर दुकानाचा वास सुटला. चामडं, सोल्युशन, मेण. मी जोड नाकाशी धरून बसले होते. हे म्हणाले, "घालायचेत की हुंगायचेत?"

पहिले काही आठवडे स्वर्ग होता. अजिबात सैल नव्हते गं. बरोबर बसले. धुलाईखान्यातल्या बाया माझ्या पायांकडे बघायच्या. मुकादमीणसुद्धा म्हणाली, "कुठून आणले?" मी ऐटीत सांगितलं, माझ्या बहिणीने केले.

पण आता, कसं लिहू, चामडं आटलंय वाटतं. बंदाच्या जागी करकचून बसतात, संध्याकाळी काढले की बंदांचे वळ उमटलेले असतात. बाकी कुठेही लागत नाही. नवे दोरे पाठवतेय. या वेळी मीच लेकीला बजावलं, घट्ट धर. हात दुखेपर्यंत ओढलाय तिने.

बाकी ठीक. झोपायची खोली वर होती, तिथला पलंग खाली आणलाय. जिना नको वाटतो. आणि आडवं पडलं की कसंतरी होतं, म्हणून तीन उशा घेऊन बसल्यासारखी झोपते. हे म्हणतात, राणीसाहेब दरबार भरवून झोपतात.

ताई, अजून एक जोड करशील? मला माहीत आहे, फार मागतेय. पण अप्पा करायचे ना आईला, एकामागून एक. मलाही वाटतं, कुणीतरी तसे लाड करावेत.

तुझी,
बुटकी

१८ मे

बुटके,

जोडे करणार नाही.

पत्र फेकू नकोस. पुढे वाच. बसून वाच.

चामडं आटलेलं नाही. मी निवडलेलं चामडं आटत नाही. तुझे दोन्ही दोरे फर्म्याशेजारी लावून बसलेय. लांबी तीच. चवडा तोच. टाच तीच. इन्स्टेप आधी बोटभर चढला, आता अजून बोटभर. लेकीने पहिलाही दोरा नीटच धरला होता. मी तिला उगाच बोलले, तिला सांग.

आता मी आईबद्दल लिहिणार आहे. मला हे कधीच लिहायचं नव्हतं. फोनवर सांगितलं तर तू हसण्यावारी नेशील, म्हणून लिहितेय.

आईचा फर्मा माझ्याकडे आहे. तू तो पाहिलेला नाहीस, मी पेटीत तळाशी ठेवलाय. त्याच्या इन्स्टेपवर चामड्याचे तुकडे चिकटवलेत, एकावर एक, एकावर एक. पाऊल दिसत नाही, कुबड आलेला प्राणी दिसतो. त्या वर्षी आई म्हणायची, "अहो, जोडा आटला." आणि अप्पा म्हणायचे, "चामड्यात खोट आहे." ते व्यापाऱ्याशी भांडायचे, चामडं बदलायचे, फर्म्यावर एक तुकडा चढवायचे आणि नवा जोड शिवायचे. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच. जोडेवाल्याचं घर ना आपलं. जोडा बसेना झाला की जोड्यातच चूक शोधायची. दुसऱ्या कुणाच्या घरात असती तर कुणीतरी तिचा पाय बघितला असता.

ते लाड नव्हते, बुटके. तिच्या पायात पाणी उतरत होतं. तिचं काळीज थकलं होतं. तीसुद्धा उशा लावून बसून झोपायची. मी सोळा वर्षांची होते, मला वाटायचं, दमते म्हणून. डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. आई तापाने गेली असं तुला सांगितलं कारण तू लहान होतीस, आणि मग तेच चालू राहिलं.

आता ऐक. आत्ताच्या आत्ता जोडे काढ. इन्स्टेपवर अंगठा ठेव आणि दाब. चांगला दाब, दहा म्हणेपर्यंत. मग अंगठा उचल आणि बघ. पाय लगेच भरून आला तर मला दोन शिव्या दे, मी मोठा जोड करून पाठवते. खळगा तसाच राहिला तर दवाखान्यात जा. कामावर नको, स्वयंपाकघरात नको, दवाखान्यात. मुकादमीण गेली खड्ड्यात.

मोठा जोडा मी करणार नाही. तू कितीही रुसलीस तरी नाही.

ताई

३० मे

ताई,

तू फार वाईट पत्र लिहिलंस.

मला आईचं काय आठवतं? तीनच गोष्टी. तिच्या बांगड्या, तिचं खोकणं आणि अप्पा तिच्या पायाशी बसलेले. त्यातली सगळ्यात चांगली तू घेऊन गेलीस. माझ्या लग्नात ह्यांनी मला काही आणलं नाही तेव्हा मी मनात म्हणायचे, असू दे, मी बघितलंय प्रेम कसं असतं, माझ्या घरात होतं. आता तू म्हणतेस, ती सूज होती.

लेकीपुढे मला काही दाखवायचं नव्हतं. ती कॉलेजला गेल्यावर मी जोडा काढला. दाबला. दहा म्हटले.

खळगा पडला, ताई. मी उठले, चहाचं आधण ठेवलं, कप काढला, परत येऊन बसले. तो तिथेच होता. माझ्या अंगठ्याएवढा.

मला भीती वाटते.

बुटकी

९ जून

बुटके,

पत्र हातात पडलं आणि मी मशीन बंद करून फोन लावला. तुझ्या लेकीने उचलला. म्हणाली, पत्र टाकलं त्याच दिवशी आईला नेलं, आईने स्वतःच दवाखान्यात फोन केला. शहाणी गं माझी.

पोरगी रडत होती. मी तिला म्हटलं, रडू नकोस, आईला पाणी मोजून देतात का ते सांग. मग तिने सगळं नीट सांगितलं. काळजाची एक झडप नीट मिटत नाही, गोळ्यांनी पायातलं पाणी उतरवतायत, वेळेवर आलात असं डॉक्टर म्हणाले. मी तिला हे शेवटचं तीनदा म्हणायला लावलं. तिला वाटलं, मला ऐकू कमी येतं.

हे पत्र दवाखान्यात वाचशील. उत्तराची घाई नाही. माझ्यावर रागव, पण पडून राहून रागव.

त्या काळ्या जोड्याबद्दल मी लेकीला सांगितलंय, तो तुला पुन्हा घालू देऊ नकोस.

ताई

१४ जुलै

ताई,

घरी आले. बरी आहे, म्हणजे खरंच बरी. रोज सकाळी लेक मला वजनकाट्यावर उभी करते आणि घरात मी किती पाणी प्यायले यावरून भांडणं होतात. एका उशीवर झोपते. हे म्हणतात, दरबार बरखास्त झाला. काल जिना चढले, मध्ये एकदा थांबून. धुलाईखान्यात मुकादमिणीने बसून करायचं काम द्यायचं कबूल केलंय, कपड्यांवर चिठ्ठ्या टाचायचं. तिला मी शिव्या द्यायच्या आधी तूच दिल्या होत्यास, त्यामुळे मला तिच्याशी गोड बोलता आलं.

दोरे पाठवतेय. आता तूच बघ.

डॉक्टरांना मी सांगितलं, माझ्या बहिणीने दोऱ्यावरून ओळखलं. त्यांनी विचारलं, "त्या नर्स आहेत का?" मी म्हटलं, नाही, फटकळ आहे.

एक विचारायचं होतं. तिथे पडल्या पडल्या तेच डोक्यात यायचं. अप्पांना कळलं नाही ते ठीक. पण ते जे करत होते, गुडघ्यावर बसून, दोरा घेऊन, ते निव्वळ चामड्याची खोट काढणंच होतं का? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

बुटकी

२८ जुलै

बुटके,

तुझे दोरे फर्म्याला लावले. बसले. मी फर्म्यावरचा तुकडा नखाने उचकटून टाकला, आणि त्यानंतर समोरच्या गिऱ्हाइकाला चहा पाजला. तो अजून विचार करत असेल, कशाबद्दल.

तुझी लेक म्हणते तशी टेप आणावी म्हणते. मला आकडे वाचता येतील एवढे मोठे मिळाले तर.

आता तुझा प्रश्न. बरं वाटावं म्हणून मी कधी काही लिहिलंय?

तो लाल जोडा शेवटचा होता. तू त्यात पाय घातलास पण उलटा करून बघितला नाहीस. मी बघितला होता, आई गेल्यावर, आवरताना. त्याच्या तळाला चामडं नव्हतं. अप्पांनी अस्तराचं मऊ कापड दुमडून शिवलं होतं. त्यावर कुणी चार पावलं चाललं असतं तर ते फाटलं असतं. ज्या माणसाने कच्च्या तळाचा जोड आयुष्यात कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नाही, त्याने तो शिवला. म्हणजे तोवर त्यांना कळलं होतं. ती आता चालणार नव्हती, तिच्या पायाला वजन सहन होत नव्हतं, म्हणून तळ तसा. पण तिने मागितला होता. त्याच्याआधी माप घेतलं ते तू पाहिलंस तसंच, गुडघ्यावर बसून. मी चुलीपाशी होते. ती म्हणाली, "पुन्हा आटेल हो." तर ते म्हणाले, "नाही आटायचा. या वेळी चामडं फार चांगलं मिळालंय."

मग बराच वेळ दोऱ्याला गाठच मारेनात.

आता त्याला तू काय म्हणायचं ते म्हण. माझ्याकडे शब्द नाही.

तुझा जोड शिवायला घेतलाय. तपकिरी, रडू नकोस. बसून काम असलं तरी तळ दुहेरी घालतेय, जाड चामड्याचा. जड लागेल. कुरकुर करायची नाही. चालत जा, रोज थोडं जास्त. झिजव, भोकं पाड, आणि दुरुस्तीला माझ्याकडे स्वतः घेऊन ये.

ताई